पाहण्यासारखं काही नसलेली गावं

"अगं, समोर बघ समोर! माझ्या तोंडाकडे काय बघतेस? रस्ता काय माझ्या नाकावरून जातो?"

थोरली ओरडली आणि धाकटीचा पाय क्लचवरून सटकला. गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ऐन चौकात ती गपगार झाली. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोने भोंग्यावरचा हात काढायचाच नाही असं ठरवलं. थोरलीने काच खाली केली, मफलरमधून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "अहो, शिकतेय ती! तुम्ही काय आईच्या पोटातून गियर टाकत आलात?"

टेम्पोवाला हसला आणि वळसा घालून निघून गेला. एवढ्या कडाक्याच्या थंडीतही धाकटीच्या कपाळावर घाम आला होता.

"परत फिरू या ताई. धुकं बघ किती आहे."

"ऊन वर आलं की विरेल. टाक पहिला. आणि रडवेली होऊ नकोस, मला दिसत नसलं तरी ऐकू येतं."

दोघी बहिणी. धाकटीनेही पन्नाशी ओलांडली होती, पण थोरलीच्या लेखी ती अजून फ्रॉकमध्येच होती. थोरली इस्पितळात ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. निवृत्त होऊन कैक वर्षं लोटली, तरी तिचा आवाज अजून ड्युटीवरच होता. धाकटीचं बसस्टँडजवळ कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट म्हणा. पॅन्ट आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोटांना नवं अस्तर लावायचं. लग्न जमता जमता राहिलं आणि मग राहूनच गेलं. थोरलीचा नवरा वारला तेव्हा ती सोबतीला म्हणून आठ दिवसांसाठी आली, ती परत गेलीच नाही. "हिचे आठ दिवस अजून संपायचेत," असं थोरली आल्यागेल्याला सांगायची, आणि धाकटी दर वेळी नव्याने लाजायची.

त्या पहिल्याच हिवाळ्यात, घर खायला उठायचं तेव्हा, थोरली एका रविवारी म्हणाली होती, "चल, बस गाडीत."

"कुठे?"

"कुठेही. संध्याकाळी परत."

तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या अशा निघत. नियम दोनच. संध्याकाळपर्यंत घरी परत यायचं, आणि पाहण्यासारखं काही असेल त्या गावी जायचं नाही. "बघायला गर्दी करतात तिथे माणसंच दिसत नाहीत," असं थोरलीचं म्हणणं. मग एकच रस्ता असलेल्या कुठल्या तरी गावात गाडी लावायची, चहा घ्यायचा आणि तो एकमेव रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. थोरली येणाऱ्या-जाणाऱ्यांची दुखणी ओळखायची. "हा बघ, उजवा गुडघा कामातून गेलाय." "हिला थायरॉइड असणार, लिहून ठेव." धाकटी शिवण बघायची. "त्याच्या पॅन्टची एक बाजू लांब आहे." "बायकोनं घातलीय टीप, रागात घातलीय." मग दोघी मिळून त्या नवरा-बायकोचं भांडण रचायच्या आणि परतीच्या वाटेवर ते मिटवूनही टाकायच्या.

मग थोरलीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. समोरचं दिसे, पण कडेचं पुसत पुसत गेलं. आधी फाटकाचा खांब ठोकला, मग शेजाऱ्याची मोटारसायकल. डॉक्टरांनी हात जोडले. त्या दिवशी घरी येऊन थोरलीने गाडीची किल्ली धाकटीच्या पानाशेजारी ठेवली.

"आता तू शिक."

"मी? या वयात?"

"मशीन चालवतेस ना? पायानं पळवायची, हातानं वळवायची. तेच आहे."

तेच नव्हतं. मशीन कुणाच्या अंगावर जात नाही. पण धाकटी शिकली. रिकाम्या मैदानात, रोज दुकान बंद केल्यावर, शेजारी बसलेल्या थोरलीच्या शिव्या खात खात शिकली.

आणि आता, थंडी पडताच, थोरलीचा मुलगा येऊन गेला होता. तो मोठ्या शहरात असे. चांगला मुलगा होता, आईवर जीव होता. "आईला अशा परिस्थितीत एकटं ठेवणं बरं नाही," तो म्हणाला तेव्हा धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. 'एकटं' हा शब्द कानावर पडला तरी तिने ट्रे नीट टेबलावर ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही. सगळं ठरलं. थोरलीने त्याच्याकडे जायचं, घर विकायचं. दुकानावरच्या मजल्यावर एक खोली होती, तिथे धाकटीची सोय होण्यासारखी होती. निघताना बूट घालता घालता भाचा म्हणाला, "मावशी, तूही येत जा अधूनमधून." ती "हो, हो" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो न्यायला येणार होता. या विषयावर दोघी बहिणी आपसात अवाक्षर बोलल्या नव्हत्या. काय बांधायचं, काय टाकायचं एवढंच बोलणं व्हायचं. "हा तवा तू ठेव." "ही शाल तू ने." रविवार उजाडला तसं थोरली म्हणाली, "गाडी काढ." ही शेवटची खेप, असं कुणी म्हणालं नाही.

गाव अगदीच साधं निघालं. रेल्वेचं फाटक, बंद पडलेलं थिएटर, न्हाव्याचं दुकान, लोखंडाच्या सामानाचं दुकान आणि एक चहाचं. चहाच्या दुकानात काचेवर वाफ धरली होती. त्या आत जाऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेली, चांगली ऐसपैस अशी मालकीणबाई स्वतःच चहा घेऊन आली आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे तिथेच खुर्ची ओढून बसली.

"बहिणी ना? हनुवटीवरून ओळखलं. इकडे कुठे?"

"असंच," धाकटी म्हणाली.

"इथे असंच कुणी येत नाही हो. इथून असंच जातात." बाई स्वतःच्या विनोदावर हसली. "एकत्र राहता?"

धाकटी 'हो' म्हणणार, तेवढ्यात थोरलीने बशी चाचपली, कप तिच्यात ठेवला आणि म्हणाली, "आत्तापर्यंत राहत होतो. आता ही चाललीय."

"कोण, या?"

"हो. माझा मुलगा असतो तिकडे, शहरात. मावशी मावशी करत हिच्या मागेच लागलाय. पुढच्या आठवड्यात घेऊन जातोय."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली नाकासमोर बघत होती. कडा गेल्यापासून तिची नजर अशीच सरळ असे.

"आणि तुम्ही?" बाईने विचारलं.

"मी इथेच. माझं काय, मी राहीन."

बाई खुर्चीतल्या खुर्चीत धाकटीकडे वळली. "अहो, हे काय? त्यांना धड दिसत नाही. आत्ता साखर कपात टाकायची ती बशीत टाकली, बघितलं ना मी. आणि तुम्ही त्यांना सोडून चाललात?"

धाकटीने खुलासा करायला तोंड उघडलं. टेबलाखाली थोरलीचा हात तिच्या गुडघ्यावर येऊन टेकला. दाबला नाही, नुसता टेकला. धाकटीने तोंड मिटलं. मग म्हणाली, "भाच्याचा फार आग्रह आहे हो."

"आग्रहाला काय पाय असतात? नाही म्हटलं की बसतो खाली."

"पोराचं मन मोडवत नाही. नाहीतर मला तरी कुठे जायचंय? तिथे अकराव्या मजल्यावर बसून करणार काय मी? खाली माणसं चाललेली असतील, ती दिसणारसुद्धा नाहीत." एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "मी जाईन, पण जीव इथेच राहील माझा."

थोरलीने चहाचा घोट घेतला. मग बाईला म्हणाली, "खरं सांगू का तुम्हाला? ती घाबरलीय. उद्या पडली-झडली, अंथरुणाला खिळली, तर बहिणीवर भार नको, म्हणून निघालीय. मला सांगत नाही. पण मला कळतं."

"भार कसला?" धाकटी एकदम म्हणाली. "काही झाला नसता भार." आणि कोण कुणाविषयी बोलतंय हे तिचं तिलाच कळेना.

बाईला आता गहिवरून आलं होतं. "ते ठीक आहे. पण ताई, तुमचं कसं होणार?"

"माझं होईल," थोरली म्हणाली. आवाज तोच, ड्युटीवरचा, पण जरा खाली उतरलेला. "सकाळी उठायचं, दुकान उघडायचं. दुपारी जेवायचं, उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचं नाही, ताट वाढून घ्यायचं. रोज कुणाशी तरी चार शब्द बोलायचे. मशीनशी नव्हे, माणसाशी. गाडी काढत राहायची. रडू येईल मधूनमधून, येऊ द्यायचं. रडून झालं की तोंड धुवायचं."

दुकान कसलं आणि मशीन कुठली, हे बाईने विचारलं नाही. तिने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"मी फोन करीन तिला," धाकटी कशीबशी म्हणाली. "रोज करीन."

"करेल ती," थोरली म्हणाली. "विसरायची नाही."

त्या निघाल्या तेव्हा बाई थोरलीला दारापर्यंत हाताला धरून घेऊन आली. धाकटीला मात्र तिने कोरडेपणाने सांगितलं, "बघा, अजून विचार करा. बहीण काय बाजारात मिळत नाही."

परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. धाकटीने गाडी थांबवली. आचका न देता थांबली. दोन्ही बाजूंच्या शेतांवर दव पांढरं होऊन बसलं होतं.

"तुला उगाच बोलणी खायला लागली," थोरली म्हणाली.

"असू दे. परकी बाई."

"काय झालं मला कोण जाणे. 'मी चालले' असं म्हणायला गेले आणि तोंडातून ते येईचना."

"बरं झालं नाही आलं ते."

मालगाडी आली. लांबलचक होती. सगळे डबे जाईपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. फाटक उघडलं.

"क्लच," थोरली हळूच म्हणाली.

भाचा ठरल्या दिवशी आला. सामान फार नव्हतं. थोरली त्याच्या मोठ्या गाडीत पुढे बसली, पट्टा बांधून घेतला आणि खिडकीतून धाकटीला शोधू लागली. धाकटी दाराच्या बाजूला उभी होती, ती तिला दिसेना. थोरलीची मान इकडून तिकडे होत राहिली. तेव्हा धाकटी पुढे होऊन बरोबर बॉनेटसमोर, तिच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभी राहिली.

"हां, तिथे आहेस होय," थोरली म्हणाली. "टायरमध्ये हवा बघत जा."

"बघते."

"मावशी, जरा बाजूला होतेस?" भाचा म्हणाला. "गाडी काढतो." ती बाजूला झाली.

फोन रोज येत. "इथे सगळं छान आहे," थोरली सांगायची. "बटण दाबलं की सगळं होतं." मग आवाज खाली आणून, "सुनेनं पडदे लावलेत, त्यांना टीप वाकडी घातलीय. मला दिसत नाही, पण हाताला लागतं." धाकटी फोनवर हसायची आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसत राहायची. पावसाळ्यात थोरलीला ताप आला, तो छातीत उतरला, आणि तिला इस्पितळात ठेवल्याचं कळलं. धाकटीने बॅग भरली. "एवढी घाई नको मावशी, डॉक्टर म्हणतायत बरं आहे," असं भाचा म्हणाला म्हणून ती थांबली. आणि मग एका दुपारी त्याचा फोन आला. "मावशी, आई गेली. काल. सगळं उरकूनच तुला कळवलं. एवढा प्रवास, एवढी दगदग तुला..."

तो रडत होता.

"बरं केलंस," धाकटी म्हणाली. "तू जेवलास का?"

समोर एक गिऱ्हाईक पॅन्टसाठी थांबलं होतं. तिने उरलेली टीप पूर्ण घातली, दोरा तोडला, घडी घालून पॅन्ट त्याच्या हातात दिली आणि मग शटर खाली ओढलं.

पुन्हा हिवाळा आला. धाकटी आता दुकानावरच्या खोलीत राहत होती. रविवारी बसस्टँडला एक फेरी मारून ती गाडी पुन्हा जागेवर आणून लावायची. लोक म्हणायचे, मावशी कुठे जात तर नाहीत, मग पेट्रोल कशाला जाळतात? एका रविवारी धुकं उतरलं होतं. ती फेरीला म्हणून निघाली आणि वळायच्या ठिकाणी वळली नाही. कुठे जायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. दोन-तीन गावं तिने तशीच मागे टाकली. एकटीने उतरून रस्ता चालायचा म्हणजे कसं, ते तिला सुचेना. त्या दुकानाच्या वाफाळलेल्या काचेसमोर गाडी थांबली तेव्हा तिला कळलं, आपण हेच गाव शोधत होतो.

दुकानात आता एक नवी भट्टी आली होती आणि भाजलेल्या पिठाचा वास भरून राहिला होता. बाईने तिला बघताच हात एप्रनला पुसले.

"आलात ना परत? मला वाटलंच होतं. करमलं नाही ना तिकडे?"

धाकटी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. या बाईच्या लेखी ती शहरात गेली होती.

"आलेय थोड्या दिवसांसाठी," ती म्हणाली.

"आणि ताई? ताई कशा आहेत?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. सहा महिने ती ते दोन शब्द सगळ्यांना सांगत आली होती, शेजाऱ्यांना, बँकेत, दुकानात. इथे कुणाला ते ठाऊक नव्हतं. या एकाच गावात थोरली अजून आपल्या घरात राहत होती.

"बरी आहे," धाकटी म्हणाली.

"एकट्याच असतात?"

"एकटीच."

"जेवतात ना नीट?"

"कधी जेवते, कधी कंटाळा करते." धाकटीने खुर्ची ओढली आणि बसली. "रात्री दिवा चालू ठेवूनच झोपते. आधी ठेवत नव्हती."

"भीती वाटत असेल."

"भीती नाही हो. जाग आल्यावर खोली कुठली ते पटकन कळत नाही, म्हणून."

बाईने मान हलवली. "रडतात का फार?"

"आधी रडायची. आता तेवढं नाही. पण हसायला काही झालं ना, की पंचाईत होते. सांगायचं कुणाला ते कळत नाही तिला."

एवढं तिने गेल्या सहा महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. बाई एकेक विचारत गेली आणि धाकटी सांगत गेली, अगदी एखाद्या घरच्या माणसाची खुशाली सांगावी तशी. शेजारीपाजारी विचारतात का? विचारतात. कामात मन लागतं? कामात लागतं, रविवारी लागत नाही. चहा निवून गेला, तो बाईने न विचारता बदलून दिला.

ती उठली तेव्हा बाई म्हणाली, "थांबा." भट्टीचं दार उघडून तिने एक मोठा गोड बन काढला, कागदात गुंडाळला, वर आणखी एक कागद लावला. "हा ताईंना द्या. म्हणावं, मी आठवण काढली. आणि वाटेत कुठे थांबू नका, गरम आहे तोवर पोचवा."

"पोचवते," धाकटी म्हणाली.

बाहेर ऊन आलं होतं, पण त्यात जोर नव्हता. बाई काचेचा एक तुकडा पुसून आतून हात हलवत होती. धाकटीनेही हात हलवला आणि गाडी काढली. फाटक ओलांडलं, वळण घेतलं, आणि दुकान दिसेनासं झालं तिथे कडेला घेऊन गाडी बंद केली. घर लांब होतं. तोवर बन गार झाला असता.

तिने मांडीवर रुमाल पसरला, कागद सोडला आणि गाडीतल्या गाडीत, काचा लावून, तो सबंध बन सावकाश खाल्ला.